पूल रस्त्याआधी गोठतो

न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, ईरी सरोवराच्या काठी बफेलो आहे. मी मूळची सोलापूरची. २००२ च्या सप्टेंबरात इथे आले आणि त्याच वर्षी आयुष्यात पहिल्यांदा बर्फ पाहिला. तेव्हापासून एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये सकाळी सातची पाळी करते आहे. शाळांना स्नो डे मिळतो, लॅबला मिळत नाही. म्हणून संपादकांनी हिवाळ्यातल्या गाडीविषयी आलेली पत्रं या खेपेला माझ्याकडे दिली. सगळी छापणं शक्य नव्हतं. ज्यांत जिवाचा प्रश्न आहे ती आधी घेतली आहेत.

ताई, मी ऑगस्टमध्ये पुण्याहून एम.एस.साठी इथे आलो. घरी पाच वर्षं कार चालवली आहे, खंबाटकी, ताम्हिणी सगळे घाट केले आहेत. इथे जुनी ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी घेतली. विकणारा म्हणाला, हिला विंटर टायरची गरज नाही. मित्र म्हणतात, घेच. चार टायरचे पैसे माझ्यासाठी कमी नाहीत. शिवाय गाडी घसरली तर नक्की काय करायचं? प्रत्येक जण वेगळंच सांगतो.
— एक विद्यार्थी, ॲमहर्स्ट

टायर घे. दुसरा एखादा खर्च पुढे ढकल, पण नोव्हेंबरच्या आत टायर घे.

ऑल-व्हील-ड्राइव्ह म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळते. बर्फातून सुटायला, चढ चढायला तिचा फार उपयोग होतो. पण थांबायला तिचा काही उपयोग नाही. ब्रेक तर प्रत्येकच गाडीला चारही चाकांना असतात. ही गाडी बर्फात झटकन वेग घेते म्हणून चालवणाऱ्याला वाटतं, रस्ता बरा आहे. लाल सिग्नल आला की मग कळतं. पहिल्या मोठ्या बर्फानंतर हायवेच्या कडेला खड्ड्यात उतरलेल्या गाड्या बघ, त्यांत मोठमोठ्या एसयूव्ही हमखास असतात.

साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली नेहमीच्या टायरचं रबर कडक व्हायला लागतं. विंटर टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याला बारीक बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण बघून घे. नुसतं 'एम प्लस एस' लिहिलेलं पुरत नाही. आणि चारही बदल. पुढचे दोनच बदलले तर पुढची चाकं रस्ता धरतात आणि मागची सोडतात, म्हणजे गाडी गरकन फिरते. दोन जोड आलटूनपालटून वापरले की दोन्ही जास्त वर्षं टिकतात, तेव्हा पैसे अगदीच वाया जात नाहीत. थंडी पडली की हवाही बघत जा. तापमान १० फॅरनहाइटने उतरलं की टायरमधली हवा सुमारे एक पीएसआयने कमी होते.

आता घसरण्याचं. तू घाटातला आहेस, म्हणून त्याच भाषेत सांगते. जूनच्या पहिल्या पावसात, रस्त्यावरचं ऑइल वर आलेलं असताना खंबाटकीत कशी गाडी चालवायचास ते आठव. वळणात ब्रेक मारत नव्हतास. वळणाच्या आधीच वेग उतरवायचास, मग पाय सोडून वळायचास. इथेही तेच करायचं, फक्त प्रत्येक गोष्ट त्याहून सावकाश आणि त्याहून लवकर. टायरकडे पकड तेवढीच असते. ती ब्रेकला दे, नाहीतर वळणाला दे. दोन्ही एकदम मागितलंस तर ती दोन्हीकडून जाते. पुढच्या गाडीपासून कोरड्या रस्त्यावर तीन-चार सेकंदांचं अंतर ठेवत असशील, तर बर्फावर आठ-दहा सेकंदांचं ठेव. मध्ये कुणी घुसलं तर घुसू दे, तू पुन्हा मागे हो. क्रूझ कंट्रोल एप्रिलपर्यंत विसरून जा.

तरीही घसरलीच, तर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचल. मागची बाजू फिरायला लागली असेल तर ब्रेक नको. जिथे जायचंय तिथे नजर लाव आणि स्टिअरिंग तिकडे हळूच ने. नजर खांबाकडे गेली की हात आपोआप खांबाकडे जातात, हे मी अनुभवानं सांगते. समोर काही असेल आणि सरळ रेषेत थांबायचंच असेल, तर ब्रेक घट्ट दाबून धर. पेडल पायाखाली थडथडेल, घर्र असा आवाज येईल. तो बिघाड नाही, एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा, काम करतं आहे. पुष्कळ जण तेवढ्याने घाबरून पाय काढतात. पहिला बर्फ पडला की रविवारी सकाळी, ओळखीच्या कुणाला तरी शेजारी बसवून, परवानगी असलेल्या एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये जा. दिव्याचे खांब नाहीत ना, ते बघ. ताशी पंधरा मैलांवर मुद्दाम जोरात ब्रेक दाब. ती थडथड एकदा पायाला ओळखीची झाली की ऐन वेळी पाय उचलला जात नाही.

आणि एक गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती. २००३ चा फेब्रुवारी. रात्री पाऊस पडून गेला होता, पहाटे थंडी उतरली. मी साडेसहाला निघाले. रस्ता नुसता ओला दिसत होता, काळा, चकचकीत. चाकांखाली पाण्याचा सर्रर्र आवाज येत होता. एका पुलावर चढले आणि तो आवाज एकदम थांबला. रेडिओ बंद होता म्हणून ते कळलं. गाडीत इतकी शांतता झाली की मला क्षणभर बरं वाटलं. पुढच्या क्षणी स्टिअरिंग हातात हलकं पडलं, जणू ते कशाला जोडलेलंच नाही. गाडी दीड वेळा फिरली आणि मधल्या पट्ट्यातल्या बर्फाच्या ढिगात तोंड खुपसून उभी राहिली. मागे गाडी नव्हती, म्हणून आज हे लिहिते आहे. एका ट्रकवाल्याने थांबून मला बाहेर काढलं. तो एकच वाक्य बोलला, "पाटी वाचली नाहीस?" पुलाच्या अलीकडे पिवळी पाटी होती: पूल रस्त्याआधी गोठतो. रोज त्या पाटीवरून जायचे. पुलाला खालूनही गार वारा लागतो, जमिनीची ऊब त्याला मिळत नाही, म्हणून बाकी रस्ता ओला असतानाच पूल काचेसारखा होतो. हाच तो ब्लॅक आइस. तो काळा नसतो, पारदर्शक असतो, खालचं डांबर दिसतं.

त्याला ओळखायच्या खुणा पाठ कर. रस्ता ओला दिसतोय, पण पुढच्या गाडीच्या चाकांमागे तुषार उडत नाहीत, तर ते पाणी नव्हे. चाकांचा आवाज अचानक गेला, तर ते पाणी नव्हे. आणि डॅशबोर्डवर ३० ते ३४ फॅरनहाइट दिसत असेल, म्हणजे शून्य अंश सेल्सिअसच्या आगेमागे, तर उणे पंधरा सेल्सिअसपेक्षा जास्त जपून चालव. वितळू लागलेला बर्फ कडक थंडीतल्या बर्फापेक्षा निसरडा असतो. मिठावरही फार विसंबू नकोस. रस्त्यावर टाकतात ते साधं जाडं मीठ १५ फॅरनहाइटच्या खाली फारसं काम करत नाही.

काचेवरचा बर्फ खरवडण्यात वीस मिनिटं जातात. गरम पाणी ओतलं तर चालेल का?
— एक वाचक, चिकटोवागा

नाही. गार काचेवर गरम पाणी पडलं की ती तडकू शकते, आणि न तडकल्यास तेच पाणी पुन्हा गोठून तुमचं काम वाढवतं. रात्री वायपर उभे करून ठेवा. काच धुण्याच्या पाण्याच्या टाकीत उणे वीस फॅरनहाइटपर्यंत न गोठणारं निळं द्रव भरा, साधं पाणी भरू नका. टपावरचा बर्फही काढा, आळस करू नका. पहिल्या ब्रेकला तो सबंध पुढच्या काचेवर येतो किंवा मागच्या गाडीवर उडतो. दिवे आणि पुढचे सेन्सर हाताने पुसा. या राज्यात वायपर चालू असतील तर हेडलाइट चालू असणं कायद्यानेच बंधनकारक आहे. आणि गाडी गरम करायची म्हणून गॅरेजात चालू ठेवू नका, दार उघडं असलं तरी नको. बाहेर काढून मग गरम करा.

गेल्या वर्षी थ्रूवेवर, म्हणजे इथल्या मोठ्या टोल हायवेवर, आम्ही पाच तास अडकलो. मी, यजमान आणि चार वर्षांची मुलगी. थंडी वाजू नये म्हणून इंजिन सगळा वेळ चालू ठेवलं होतं. नंतर एका ओळखीच्यांनी सांगितलं की तुम्ही थोडक्यात वाचलात. खरं आहे का? मग करायचं तरी काय?
— एक वाचक, हॅम्बर्ग

खरं आहे. तुमचं पत्र वाचून माझ्याही पोटात गोळा आला.

बर्फ साचत गेला की मागचा एक्झॉस्ट पाइप बुजतो. मग धूर बाहेर जाण्याऐवजी गाडीखालून आत शिरतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग झोप येते, आणि थकलेल्या माणसाला ती झोप स्वाभाविकच वाटते. लहान मुलाला तर सांगताही येत नाही. म्हणून इंजिन तासातून दहा मिनिटं चालवायचं. प्रत्येक वेळी चालू करण्याआधी एकाने उतरून पाइपाभोवतीचा बर्फ काढायचा. वारा ज्या बाजूने येत नाही, त्या बाजूची काच बोटभर खाली ठेवायची. दहा मिनिटांत गाडी बऱ्यापैकी ऊब धरते. उरलेला वेळ अंगावरचं पांघरूण आणि जवळजवळ बसणं यांवर काढायचा. हातापायांची बोटं हलवत राहायचं.

गाडी सोडून चालत निघू नका. समोर दिवा दिसतोय, पेट्रोल पंप दोनशे पावलांवर आहे, असं वाटलं तरी नाही. वादळात दहा पावलांवर आपलीच गाडी दिसेनाशी होते. शोधणाऱ्यांना गाडी सापडते, माणूस सापडत नाही. अँटेनाला किंवा दाराला लाल, भगवं, कुठलंही भडक फडकं बांधा.

बफेलोच्या दक्षिणेला असलेल्या तुमच्या हॅम्बर्गचं वेगळं सांगायला हवं, कारण आम्हा उत्तरेकडच्यांना त्याची पूर्ण कल्पना नसते. ईरी सरोवराचं पाणी नोव्हेंबर-डिसेंबरात अजून उबदार असतं. त्यावरून गार वारा लांबवर वाहत येतो, बाष्प उचलतो आणि काठावर येऊन सगळं एका अरुंद पट्ट्यात ओततो. पट्टा कधी कधी चार-पाच मैलांचाच असतो. त्यामुळे ॲमहर्स्टला ऊन आणि हॅम्बर्गला कमरेइतका बर्फ, हे एकाच सकाळी होतं. नोव्हेंबर २०१४ मध्ये दक्षिणेकडच्या काही भागांत सात फुटांच्या आसपास बर्फ पडला आणि थ्रूवेवर माणसं दिवसभराहून जास्त काळ गाड्यांत अडकून पडली. नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑर्चर्ड पार्कला ८० इंच पडला. म्हणून निघताना खिडकीबाहेर बघून ठरवू नका. फोनवर रडार उघडा आणि संपूर्ण रस्त्यावर पट्टा कुठे बसलाय ते बघा. निरभ्र रस्त्यावरून तुम्ही पांढऱ्या भिंतीत शिरता, आणि मागचा माणूसही त्याच वेगाने शिरत असतो. सरोवर गोठलं की हा जोर पुष्कळ ओसरतो. ग्रेट लेक्स म्हणतात त्या पाची सरोवरांत ईरी सगळ्यात उथळ, त्यामुळे ते लवकर गोठतं. आपल्याला खरी भीती असते ती त्याआधीच्या आठवड्यांची.

हिवाळ्यात टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. डिकीत आखूड दांड्याचं फावडं, दोन जाड पांघरुणं, टॉर्च, जंपर केबल, फोनचा चार्जर, पाणी, आणि मांजराच्या शौचपेटीत घालतात त्या मातीची एक पिशवी. चाकं जागच्या जागी फिरायला लागली की ती चाकांपुढे पसरायची, स्टिअरिंग सरळ करायचं आणि अलगद ॲक्सिलरेटर द्यायचा. जोरात दिलात तर चाक खालचा बर्फ वितळवून स्वतःचाच खड्डा गुळगुळीत करतं. खायला दाण्याची चिक्की आणि खाकरे. दोन्ही गोठून खराब होत नाहीत, आणि मुलगी खाते.

मुलीविषयी आणखी एक. गुबगुबीत जाकीट घालून तिला कार-सीटमध्ये बांधू नका. पट्टा घट्ट वाटतो, पण आत नुसती हवा असते. धक्का बसला की जाकीट दबतं आणि मूल सैल पट्ट्यातून पुढे जातं. आधी पातळ स्वेटरवर पट्टा आवळा, मग जाकीट उलटं, पुढून हातांत घाला.

मी एका गोदामात काम करतो. बर्फ कितीही पडो, मॅनेजर म्हणतो, "बंदी लागलेली नाही ना? मग या." न गेलो तर पगार कापतात, आणि व्हिसा कंपनीकडे आहे. बायको म्हणते जाऊ नका. मी काय करू?
— एक वाचक, नाव छापू नये ही विनंती

तुमच्या जागी मी होते, म्हणून यावर मी सोपं उत्तर देणार नाही.

आधी शब्दांचा अर्थ. 'ॲडव्हायझरी' म्हणजे गरज नसेल तर निघू नका. 'बॅन' म्हणजे गाडी चालवायला बंदी, अत्यावश्यक सेवेशिवाय रस्त्यावर दिसलात तर दंड. बॅन नाही याचा अर्थ रस्ता सुरक्षित आहे असा होत नाही. २३ डिसेंबर २०२२, शुक्रवार. ईरी काउंटीत बंदी सकाळी साडेनऊला लागू झाली. तोवर कितीतरी माणसं कामावर निघून गेली होती. वाऱ्याचे झोत ताशी सत्तर मैलांच्या वर गेले. विमानतळावर ५१.९ इंच बर्फ नोंदला गेला आणि ३७ तास समोरचं दिसत नव्हतं. ॲम्ब्युलन्स, अग्निशमनाच्या गाड्या, रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारणारे प्लाऊसुद्धा अडकले. चाळीसहून अधिक माणसं गेली. कुणी गाडीत, कुणी गाडीतून उतरून चालताना, कुणी घरी मदतीची वाट बघत.

मी तेव्हा लॅबमध्येच होते. गुरुवारी रात्री जेवून, बॅगेत दोन दिवसांचे कपडे, औषधं आणि थालीपिठं घेऊन गेले आणि सोमवारी घरी आले. चार रात्री लॅबशेजारच्या खोलीत खाटेवर काढल्या. पुढच्या पाळीचं कुणी येऊच शकलं नाही. जायचं की नाही हा निर्णय मी शुक्रवारी सकाळी सहाला, चावी हातात घेऊन करत बसले असते तर निघाले असते. तेव्हा रस्ता दिसत होता. सकाळी आपल्याला फक्त अंगणातला रस्ता दिसतो, आणि 'इतकं तर चालतं' असं वाटतं. म्हणून निर्णय आदल्या रात्री करा. अंदाज वाचा, बायकोबरोबर बसा आणि ठरवा: अमुक झालं तर मी जाणार नाही. मग सकाळी त्यावर चर्चा नको.

मॅनेजरशी बोलायचं ते वादळाच्या दिवशी नव्हे, आत्ता. लेखी विचारा, अगदी नम्रपणे: बर्फाच्या दिवशी उशिरा आलो तर चालेल का, दुसऱ्याशी पाळी बदलता येईल का, रजा वापरता येईल का? शांत दिवशी बऱ्याच गोष्टींना हो मिळतं, आणि लेखी असलं की नंतर बोलायला आधार राहतो. प्लाऊ फिरून गेल्यावर निघालात तर तोच रस्ता निम्मा सोपा होतो. प्लाऊ पुढे असेल तर त्याच्या मागे राहा, ओलांडू नका. साफ रस्ता त्याच्या मागेच असतो. काम शहराच्या मध्यभागी असेल, तर लसाल स्टेशनवर गाडी ठेवून मेट्रो रेलने जा. तेवढं तरी चुकेल. आणि ज्या दिवशी तुमचं मन नाही म्हणेल, त्या दिवशी पगार जाऊ द्या. एका दिवसाचा पगार भरून निघतो. तुमची बायको बरोबर सांगते आहे.

माझा मुलगा तिकडे रोज पाऊण तास गाडी चालवत कामावर जातो. टीव्हीवर बर्फाची दृश्यं पाहिली की माझा जीव टांगणीला लागतो. तो निघतो त्या वेळी मी फोन करते, पण तो चिडतो. रात्रभर झोप नाही. मी काय करावं?
— एक आई, नाशिक

काकू, तो चिडत नाही, तो घाबरतो. घसरत्या रस्त्यावर फोन वाजला आणि पडद्यावर 'आई' दिसलं की एका क्षणासाठी नजर रस्त्यावरून उठते. त्या एका क्षणात गाडी कितीतरी फूट पुढे जाते. माझी आई सोलापुराहून असाच फोन करायची. एकदा मी तिला रागावून बोलले आणि दिवसभर डोळ्यांत पाणी होतं.

आम्ही मग एक ठरवलं. निघताना मी एकच शब्द पाठवायचे, "निघाले." पोचून गाडी बंद केली की, "पोचले." मधल्या वेळात तिने फोन करायचा नाही. त्याच्या सकाळी सात वाजता तुमच्याकडे संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. तेव्हा काहीतरी काम काढा, दिवेलागणीची तयारी करा, शेजारी जाऊन बसा. पाऊण तासाचा रस्ता बर्फात दीड-दोन तासांचा होतो, म्हणून उशीर झाला की लगेच वाईट मनात आणू नका. उलट, तो उशिरा पोचतो म्हणजे तो हळू चालवतो. आणि टीव्हीवरचं बफेलो सगळं एकच नसतं. त्याच्या गावाचं नाव विचारून घ्या. वर लिहिलंय तसं, सहा मैलांवर ऊन असू शकतं.

तुम्हाला काही करायचंच असेल तर एक करा. इकडे कुणी येणार असेल तर त्यांच्याबरोबर एक गोधडी पाठवा. जुन्या लुगड्यांची, भरपूर थरांची. पोराला सांगा, ही घरात अंथरायची नाही, गाडीच्या डिकीत ठेवायची, प्लॅस्टिकच्या पिशवीत, कोरडी. माझ्या डिकीत आईची आहे. एकवीस वर्षांत दोनदाच उलगडावी लागली.